जुन्या गाडीला एलईडी हेडलाइट बल्ब: निवड, बसवणी आणि भिंतीवरची परीक्षा

रात्री समोरून येणाऱ्या गाडीने डोळे दिपवले की आपण मनातल्या मनात त्या चालकाला दोन शब्द सुनावतो. खरं म्हणजे त्याने अप्पर लावलेलाच नसतो. डिपरच चालू असतो. फक्त हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये भलताच एलईडी बल्ब घातलेला असतो. त्या चालकाला आपल्या गाडीपुढचा रस्ता लख्ख दिसत असतो, त्यामुळे काही चुकतंय अशी शंकाही त्याला येत नाही.

जुन्या गाडीचा मिणमिणता उजेड सुधारावा आणि समोरच्याचे डोळेही शाबूत राहावेत, ही दोन्ही कामं एकत्र जमू शकतात. पण त्यासाठी बल्बच्या खोक्यापेक्षा आपल्या गाडीच्या हेडलाइटकडे जास्त वेळ बघावं लागतं. हेडलाइट म्हणजे बल्ब, रिफ्लेक्टर आणि काच यांचं मिळून बनलेलं एक यंत्र आहे. त्यातला एकच भाग बदलताना बाकीचे दोन कशासाठी घडवलेत हे माहीत असायलाच हवं.

आधी भिंतीचा फोटो काढून ठेवा

बल्ब विकत घ्यायच्या आधी हे काम करा, कारण नंतर तुलनेला काहीच उरत नाही. सपाट जमिनीवर, फिकट रंगाच्या भिंतीसमोर गाडी सरळ उभी करा. शक्य असेल तर भिंतीपासून हेडलाइटचं अंतर १० मीटर ठेवा. जागा नसेल तर ५ मीटरही चालेल. टायरमधली हवा बरोबर असू द्या आणि चालकाच्या सीटवर कुणाला तरी बसवा. डॅशबोर्डवर हेडलाइट वरखाली करायचं चाक असेल तर ते शून्यावर आणा.

दोन्ही हेडलाइटच्या मध्यबिंदूंची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टीची आडवी रेघ मारा. मग डिपर लावा. उजेड आणि अंधार यांच्यामध्ये एक स्पष्ट सीमारेषा दिसायला हवी, तिला कट-ऑफ म्हणतात. ही सीमा चिकटपट्टीच्या थोडी खाली असते. बऱ्याच हेडलाइटवर १.० टक्का, १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो. १ टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली. रस्त्याच्या कडेच्या बाजूला ही रेषा वर चढते किंवा पायरीसारखी उचलली जाते, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत काही जात नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर हाताने पक्कं करून फोटो घ्या आणि ते आकडे लिहून ठेवा. एक्स्पोजर आपोआप बदलू दिलं तर नंतरचा फोटो खोटं बोलेल. लक्समीटर (पडणारा उजेड मोजणारं उपकरण) असेल तर उत्तमच. मोबाइलच्या अ‍ॅपचा आकडा प्रमाण म्हणून भरवशाचा नसतो, पण तोच फोन त्याच जागी धरून आधीचा-नंतरचा फरक बघायला पुरतो. तीन ठिकाणी मोजा: कट-ऑफच्या लगेच खालचा सर्वांत प्रखर ठिपका, कट-ऑफच्या वरची जागा आणि भिंतीचा तळ.

दोष बल्बचाच आहे का?

जुन्या गाडीचा उजेड कमी होण्याची कारणं बहुतेक वेळा बल्बच्या बाहेर असतात. माझ्या अनुभवात तर ती बल्बच्या आधी तपासावीत अशीच असतात, कारण ती तशीच ठेवून घातलेला एलईडी दिवा अंधूक काचेमागे आणखी जोराने जळतो, एवढंच होतं.

पहिली तपासणी पुढच्या काचेची. ही काच अनेकदा काच नसतेच. पॉलीकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. त्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजला की ते पिवळं, धुरकट होतं. अशा पृष्ठभागातून जाणारा उजेड फक्त कमी होत नाही, तो विखुरतो, आणि विखुरलेला उजेड कट-ऑफच्या वर जातो. उपाय घरीही करता येतो: पाणी मारत ८०० किंवा १००० नंबरचा पॉलिशपेपर, मग २०००, मग ३०००, त्यानंतर पॉलिश. शेवटी अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर द्यायलाच हवा. तो टाळला तर चकाकी पहिल्या काही महिन्यांतच उतरते. तुमच्या गाडीला खऱ्या काचेचे, उभ्या खाचा असलेले दिवे असतील तर पिवळेपणाचा प्रश्नच नाही. आतली धूळ आणि ओल तेवढी बघा.

दुसरी तपासणी रिफ्लेक्टरची. बल्ब काढा, टॉर्च लावून आत बघा. चांदीसारखा चमकणारा थर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो. तो बल्बच्या वरच्या बाजूला करपलेला, राखाडी पडलेला किंवा सोललेला दिसला तर कोणताही बल्ब तुमचं भलं करणार नाही. हेडलाइटच बदलावा लागेल. आणि एक कळकळीची विनंती: आतला रिफ्लेक्टर फडक्याने पुसू नका. तो मुलामा बोटाच्या दाबानेही ओरखडतो.

तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित: बल्बपर्यंत वीज किती पोचते? हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. बोलीत सांगायचं तर व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं की उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत सगळा करंट हेडलाइटच्या स्विचमधून, बारीक वायरींतून, गंजलेल्या अर्थिंगमधून फिरून येतो आणि वाटेत व्होल्टेज गळतं.

मोजायचं असं: इंजिन चालू, डिपर चालू, बल्ब कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या टोकाच्या खोबणीत, बसवलेलाच ठेवा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा, मग मल्टिमीटरची टोकं कपलरच्या मागून आत सरकवून बल्बच्या पिनांवर बघा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर छान. एक व्होल्टच्या पुढे असेल तर तुमची अडचण वायरिंगची आहे. अर्थिंगचा बोल्ट काढून घासून पुन्हा आवळा. तेवढ्याने भागलं नाही तर रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, घाला: ३० नंबरच्या टोकाला फ्यूजमधून थेट बॅटरीचा प्लस, ८७ वरून बल्बला, आणि ८५-८६ वर जुनी हेडलाइटची वायर व अर्थिंग. जुनी वायर मग फक्त रिले ओढायचं हलकं काम करते. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण ९ अँपिअर घेतात, त्या हिशोबाने वायरची जाडी आणि फ्यूज घ्या.

एलईडी घातल्यावर जो ‘जादूई फरक’ लोकांना जाणवतो, त्यातला मोठा वाटा इथेच लपलेला असतो. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं छोटं सर्किट, १० व्होल्टवरही पूर्ण उजेड देऊ शकतो आणि करंट कमी घेतो म्हणून वायरमधली गळतीही कमी होते. उपाशी हॅलोजनची तुलना पोट भरलेल्या एलईडीशी होते. म्हणून काच, रिफ्लेक्टर आणि व्होल्टेज सुधारून, साधा पण चांगल्या प्रतीचा नवा हॅलोजन घालून एक रात्र गाडी चालवा. कित्येकांना त्यानंतर एलईडीची गरजच वाटत नाही, आणि तो निकालही मोलाचा आहे.

फिलामेंट जिथे होतं, तिथेच चिप हवी

आता मुख्य मुद्दा. हॅलोजनचं फिलामेंट म्हणजे चार-पाच मिलिमीटर लांब, दीड मिलिमीटरच्या आसपास जाड अशी तारेची गुंडाळी. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा, काचेवरची प्रत्येक खाच ही त्या इवल्या गुंडाळीच्या जागेवरून मोजून काढलेली असते. उजेडाचा उगम एखादा मिलिमीटर पुढे-मागे सरकला तरी प्रखर ठिपका पसरतो, कट-ऑफ अस्पष्ट होतो आणि उजेड नको तिथे जातो.

एलईडी बल्बमध्ये गुंडाळीच्या जागी धातूच्या पट्टीच्या दोन बाजूंना चिप, म्हणजे उजेड देणारे चपटे तुकडे, बसवलेल्या असतात. म्हणजे उजेड दोन बाजूंना फेकला जातो आणि मध्ये पट्टीच्या जाडीएवढी अंधारी जागा राहते. चांगल्या बल्बची ओळख या तीन गोष्टींवरून पटते. चिपची लांबी फिलामेंटएवढी आहे का? बल्बच्या बैठकीच्या कडेपासून चिपचं अंतर मूळ बल्बमधल्या फिलामेंटएवढंच आहे का? आणि मधली पट्टी पातळ आहे का? जुना बल्ब आणि नवा बल्ब एकमेकांना लागून, बैठकीची कडा जुळवून धरा आणि डोळ्यांनी बघा. ही दोन मिनिटांची तुलना कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगते.

तीन किंवा चार बाजूंना चिप असलेले, ‘३६० अंशांत उजेड’ असं सांगणारे बल्ब मी टाळतो. कल्पना ऐकायला बरोबर वाटते, कारण फिलामेंटही सगळीकडे उजेड फेकतं. पण तितक्या चिप बसवायला मधला खांब जाड करावा लागतो, चिप मध्यरेषेपासून लांब जातात आणि फोकस बिघडतो. हाताच्या बोटभर लांब चिपांची रांग असलेले बल्बही त्याच कारणासाठी बाद.

तुमच्या गाडीत कोणता बल्ब आहे?

हे गाडीच्या पुस्तिकेत, हेडलाइटच्या मागच्या बाजूला किंवा जुन्या बल्बच्या बैठकीवर लिहिलेलं सापडतं. प्रकारानुसार एलईडीचं यश-अपयश बरंच ठरतं, म्हणून हे जरा सविस्तर.

एच-४ हा जुन्या गाड्यांचा सर्वांत ओळखीचा बल्ब: एकाच काचेत दोन फिलामेंट, अप्परला ६० वॅट आणि डिपरला ५५. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तो खाली, रस्त्याकडे वळतो. कट-ऑफ तयार होतो तो याच वाटीच्या कडेने; तिची एक कड १५ अंशांनी तिरकी असते म्हणूनच रस्त्याच्या कडेची बाजू उचलली जाते. त्यामुळे एच-४ चा एलईडी घेताना डिपरच्या चिपखाली ही वाटी आहे का, तिची कड मूळ बल्बसारखी आहे का, आणि डिपर व अप्परच्या चिप मूळ फिलामेंटप्रमाणे पुढे-मागे दोन वेगळ्या जागी आहेत का, हे बघाच. काही बल्बमध्ये वाटी नावापुरती, चपटी असते. तो बल्ब डिपरवरही समोरच्याला अप्परसारखा लागतो.

एच-७ मध्ये एकच फिलामेंट आणि वाटी नाही. कट-ऑफ रिफ्लेक्टरच्या आकारातून किंवा दिव्यातल्या पडद्यातून येतो. इथे चिपची दिशा निर्णायक ठरते. त्या घड्याळातल्या ३ आणि ९ या आकड्यांकडे, म्हणजे डावी-उजवीकडे बघत असल्या पाहिजेत. वर-खाली बघत असतील तर बीम उभा ताणला जातो. एच-१, एच-११, एचबी-३, एचबी-४ यांनाही हाच नियम. एच-३ चं फिलामेंट आडवं असतं, त्यामुळे त्याला एलईडीचा पर्याय क्वचितच नीट बसतो. जुन्या फॉग लॅम्पमध्ये तो असेल तर हॅलोजनच राहू द्या.

दिवा प्रोजेक्टरचा असेल, म्हणजे पुढे भिंगाचा गोळा दिसत असेल, तर आतला पडदाच कट-ऑफ कापतो. समोरच्याचे डोळे दिपण्याचा धोका त्यात कमी असतो. मात्र चिपची जागा चुकली तर लांबचा उजेड तिथेही मरतो, त्यामुळे कट-ऑफ सुरेख दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका.

आणखी जुन्या गाड्यांत सीलबंद दिवा असतो: ७ इंची गोल किंवा चौकोनी, ज्यात फिलामेंट, रिफ्लेक्टर आणि काच एकत्र जोडलेली असतात. अमेरिकेत १९४० पासून असे दिवे प्रमाण होते. तुमच्याकडे हे असतील तर तुम्ही नशीबवान आहात, कारण त्याच मापाचा, मान्यतेची खूण असलेला संपूर्ण एलईडी दिवा मिळतो. त्याचा रिफ्लेक्टर आणि भिंग मुळातच एलईडीसाठी घडवलेलं असतं. या लेखातल्या निम्म्या अडचणी तिथेच संपतात. फक्त गाडी ६ व्होल्टची किंवा प्लस अर्थिंगची (बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलेली) नाही ना, हे खात्रीने तपासा. एलईडीला उलटी जोडणी चालत नाही.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

प्रमाण एच-७ बल्ब १३.२ व्होल्टला साधारण १५०० लुमेन (बल्बच्या एकूण उजेडाचं माप) उजेड देतो. एच-४ अप्परला १६५० आणि डिपरला १०००. हे लक्षात ठेवा आणि मग ‘२०,००० लुमेन’ लिहिलेलं खोकं हातात घ्या. प्रत्यक्ष बल्बमधल्या एलईडीकडून प्रत्येक वॅटमागे १०० लुमेनच्या आसपास अपेक्षा ठेवणं वास्तवाला धरून आहे. म्हणजे २०,००० लुमेनला २०० वॅट लागतील. एवढी उष्णता अंगठ्याएवढ्या धातूतून बाहेर काढणं शक्य नाही. एका बल्बला साधारण २ अँपिअर लागत असतील तर तो २५ वॅटचा बल्ब आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

माझी पसंती १५ ते २५ वॅटच्या, हजार-दीड हजार ते दोन हजार लुमेन सांगणाऱ्या प्रामाणिक बल्बला असते. जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणं, हे समीकरणही फसवं आहे. गाडीच्या अगदी पुढचा रस्ता झगझगीत झाला की डोळ्यांच्या बाहुल्या आक्रसतात आणि लांबचं कमी दिसू लागतं. चालकाला मात्र खूप उजेड आहे असंच वाटत राहतं. आपल्याला हवा असतो तो लांबवर पोचणारा ठिपका. बंपरपुढची चकाकी शोभेची असते.

रंगाचा आकडा केल्व्हिनमध्ये असतो. हॅलोजन साधारण ३२०० केल्व्हिनचा, पिवळसर. बाजारातले बहुतेक एलईडी ६००० च्या आसपास, थंड पांढरे. जसजसा आकडा वाढतो तसतसा निळा अंश वाढतो, आणि निळा उजेड डोळ्याच्या आत जास्त विखुरतो. वयस्कर डोळ्यांना तो अधिकच टोचतो. पावसात, ओल्या डांबरावर थंड पांढरा उजेड जणू रस्त्यात मुरून जातो, असा माझा अनुभव आहे. ४००० ते ५५०० च्या मध्ये मिळाला तर तोच घ्या. ८००० लिहिलेल्या निळ्या बल्बकडे फिरकूही नका. निळ्या काचेच्या हॅलोजनलाही हेच लागू: ती काच उजेड गाळते, वाढवत नाही.

‘५०,००० तास आयुष्य’ हे चिपचं असतं. बल्ब मरतो तो ड्रायव्हरमुळे किंवा पंख्यामुळे.

उष्णता आणि मागची जागा

एलईडी थंड असतो हा समज अर्धाच खरा आहे. हॅलोजन आपली उष्णता उजेडासोबत पुढे फेकतो. म्हणूनच त्याच्या काचेवर पडलेला बर्फ वितळतो. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला, बैठकीत साचते आणि तिथून बाहेर काढावी लागते. ती निघाली नाही तर चिप तापते, उजेड उतरतो आणि आयुष्य घटतं. ज्या भागात बर्फ पडतो तिथे एलईडीच्या काचेवर तो साचून राहू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

उष्णता काढायचे दोन मार्ग: मागे छोटा पंखा, किंवा तांब्याच्या जाळीच्या पट्ट्या अथवा धातूच्या पाकळ्या. पंख्याचा बल्ब आखूड असतो पण धूळ आणि पाणी हे त्याचे शत्रू. पंखा अडकला की बल्ब गेला. बिनपंख्याचा बल्ब मला जास्त विश्वासाचा वाटतो, फक्त त्याला मागे मोकळी जागा लागते.

म्हणून खरेदीआधी फूटपट्टी घेऊन बॉनेट उघडा. हेडलाइटच्या मागे बॅटरी, रेडिएटरची टाकी किंवा पत्रा किती जवळ आहे ते मोजा. मागचं रबरी बूट किंवा प्लॅस्टिकचं झाकण बल्ब बसवल्यावर पुन्हा लागणार का, हे बघा. झाकण लागत नाही म्हणून ते काढून ठेवणं ही फार वाईट सवय आहे. ओल आत शिरते आणि एका पावसाळ्यात रिफ्लेक्टर डागाळतो. झाकणाला वाटेल तसं भोक पाडण्यापेक्षा आखूड शेपटीचा बल्ब शोधा.

जुन्या वायरिंगच्या खोड्या

कपलर काढून बघा. तो तपकिरी, ठिसूळ किंवा वितळलेला असेल तर आधी बदला. कुणीतरी पूर्वी १००/९० वॅटचे बल्ब घातल्याची ती खूण असते.

एच-४ च्या कपलरमध्ये तीन पिना असतात: एक सामाईक, एक डिपर, एक अप्पर. बऱ्याच गाड्यांत सामाईक पिन अर्थ असते आणि बाकी दोघींना आळीपाळीने प्लस मिळतो. पण काही गाड्यांत, विशेषतः जुन्या जपानी बनावटीच्या, उलटं असतं: सामाईक पिनेला कायम प्लस आणि स्विच अर्थची बाजू जोडतो-तोडतो. हॅलोजनला याने काही फरक पडत नाही, तो दोन्हीकडून जळतो. एलईडी मात्र गोंधळतो: एकच बाजू लागते, दोन्ही एकदम लागतात किंवा डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा मंद जळत राहतो. कपलर काढून, डिपर लावून, प्रत्येक पिन आणि गाडीची बॉडी यांच्यात व्होल्टेज मोजा. डिपर-अप्पर बदलूनही एकाच पिनेवर १२ व्होल्ट कायम दिसले तर तुमची गाडी अर्थने चालू-बंद होणारी आहे, आणि तिला चालेल असं स्पष्ट लिहिलेला बल्ब किंवा मधला जोड घ्यावा लागेल.

थोड्या अलीकडच्या ‘जुन्या’ गाड्यांत बल्ब गेल्याची सूचना देणारी यंत्रणा असते. ती बल्ब किती करंट घेतो ते बघते किंवा ठोके देऊन तपासते. एलईडी कमी करंट घेतो म्हणून डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना लागते किंवा बल्ब लुकलुकतो. यासाठी कॅनबस डिकोडर मिळतो, तो या यंत्रणेला मूळ बल्बच असल्याचं भासवतो. करंट वाढवायला रेझिस्टर लावायचा असेल तर तो पत्र्याला लावा. तो चटका बसेल इतका तापतो आणि प्लॅस्टिकला टेकला तर वितळवतो. कमी व्होल्टेजवर अप्परचाच बल्ब दिवसा जळवणाऱ्या गाड्यांत अप्परला एलईडी घालण्याचा विचार सोडून द्या.

एलईडी लावल्यावर रेडिओत खरखर वाढली तर दोष ड्रायव्हरचा असतो. तो बल्ब परत करा. अँटेनाच्या मागे लागू नका.

फ्यूज मोठा टाकायची गरज एलईडीला कधीच नसते. फ्यूज उडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे.

नियम आधी वाचा

हेडलाइटला मिळालेली मान्यता ही त्यातल्या ठरलेल्या प्रकारच्या बल्बसकट मिळालेली असते. बल्बचा प्रकार बदलला की अनेक देशांत ती मान्यता संपते. अमेरिकेत हॅलोजन हेडलाइटमध्ये बदली म्हणून घालायच्या एलईडीला केंद्रीय मानकात जागा नाही. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत असा बदल केलेली गाडी नापास होते. १ एप्रिल १९८६ पूर्वी वापरात आलेल्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत. जर्मनीत २०२० पासून काही मोजक्या एलईडी बल्बना मान्यता मिळू लागली, पण ती ठरावीक गाडीच्या ठरावीक हेडलाइटपुरती. अशा मान्यतांच्या यादीचा उपयोग इतरत्रही होतो: तुमच्या हेडलाइटवरचा मान्यतेचा क्रमांक त्यात असेल, तर त्या दिव्यात तो बल्ब तपासून पाहिलेला आहे, एवढा भरवसा मिळतो. कायदेशीर परवानगी मात्र तुमच्याच देशाच्या नियमातून यावी लागते. अपघात झाला तर विमा कंपनी हे विचारू शकते.

बसवताना

दिवे बंद, किल्ली काढलेली, दिवा थंड झालेला. एका बाजूचाच बल्ब बदला. दुसऱ्या बाजूला हॅलोजन राहू द्या. याचं कारण पुढे येईल.

बऱ्याच एलईडी बल्बची बैठकीची कडी वेगळी निघते. आधी ती कडी दिव्यात नीट टेकवून मूळ स्प्रिंगने पक्की करा, मग बल्ब तिच्यात सरकवून फिरवा. एच-४ च्या कडीला तीन जिभा असतात आणि रुंद जीभ वर येते. ती एकाच प्रकारे बसते. कडी तिरकी टेकली तर सगळा बीम तिरका जातो. स्प्रिंग नीट अडकत नसेल तर बल्ब चुकीचा आहे. चिकटपट्टी किंवा सिलिकॉन लावून तो बसवू नका, कारण खड्ड्यात हलणारा बल्ब म्हणजे हलणारा बीम. एच-७ साठी काही गाड्यांना वेगळा धारक लागतो, तो गाडीच्या मॉडेलनुसार मिळतो.

चिप ३ आणि ९ कडे बघतायत ना, हे पुढून काचेतून खात्री करा. कडीला बारीक स्क्रू असेल तर तो सैल करून बल्ब थोडा फिरवता येतो. ड्रायव्हरचा डबा लोंबकळत ठेवू नका. पट्टीने बांधा, पण पंख्यासमोर नको. शेवटी झाकण लावा.

पुन्हा त्याच भिंतीसमोर

आता एका बाजूला हॅलोजन, एका बाजूला एलईडी. एक दिवा पुठ्ठ्याने झाकून आळीपाळीने बघा. हॅलोजनपुढे पुठ्ठा क्षणभरच धरा, तो तापतो. एक्स्पोजरचे तेच आकडे ठेवून फोटो घ्या आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवा.

सर्वांत आधी कट-ऑफच्या वर बघा. तिथला उजेड हॅलोजनपेक्षा वाढला असेल तर तो समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. चिप किंचित फिरवून बघा, कडी पुन्हा बसवून बघा. तरीही वाढलेला असेल तर बल्ब परत करा. हेडलाइट खाली झुकवून तो उजेड लपवता येईल असं वाटतं, पण त्यात लांबचा रस्ताच हातचा जातो.

मग प्रखर ठिपका. कट-ऑफच्या लगेच खाली, मूळ जागीच, तो हॅलोजनएवढा तरी हवा. भिंतीचा तळ उजळला आणि ठिपका फिका पडला, तर गाडीपुढचं अंगण तेवढं झगमगेल आणि लांबचं दिसणं घटेल. काळे पट्टे, फाटलेले ठिगळ, दोन-दोन ठिपके दिसले तर चिपची जागा चुकलेली आहे.

दिवा अर्धा तास चालू ठेवा, इंजिन सुरू असू द्या आणि त्याच जागी पुन्हा लक्स मोजा. दहा-एक टक्के घट चालण्यासारखी. पाव भाग उतरला तर उष्णता बाहेर पडत नाहीये.

भिंतीवर पास झालेला बल्ब दुसऱ्या बाजूलाही घाला आणि हेडलाइटचं लेव्हल नव्याने लावा, कारण चिपच्या जागेतल्या बारीक फरकाने कट-ऑफ वर-खाली झालेला असतो. एच-४ सारख्या एकत्र दिव्यात लेव्हल डिपरवरच लावतात. अप्पर आपोआप त्याच्यामागे जातो.

मग मित्राला घेऊन मोकळ्या, अंधाऱ्या, बिनवर्दळीच्या रस्त्यावर जा. त्याने समोरच्या बाजूला पन्नास मीटरवर आपल्या गाडीत बसून तुमच्या डिपरकडे बघायचं, मग जागा बदलून तुम्ही बघायचं. सीटवर बसून जे दिसत नाही ते तिथून दिसतं. माझ्या एका गाडीत भिंतीवर बऱ्यापैकी वाटलेला एच-४ एलईडी मी या चाचणीनंतर त्याच रात्री काढला. समोरून तो बघवत नव्हता. त्या गाडीत आजही रिले आणि साधे ६०/५५ चे हॅलोजन आहेत आणि पॉलिश केलेल्या काचेतून ते पुरेसे पडतात.

काढलेले हॅलोजन बल्ब फेकू नका. काचेला बोट न लावता कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, सोबत मूळ स्प्रिंग आणि बूट. एलईडीचा ड्रायव्हर मध्यरात्री रस्त्यात बंद पडला, तर तेवढ्या सामानावर पाच मिनिटांत पुन्हा निघता येतं.